आवर्तन

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात
एक माणूस आहे.
सदस्यनाम : टप्पा तिसरा.
मी त्याला स-४७ म्हणते,
समितीला तसं लिहून दिलंय,
की खरं नाव शोधणार नाही.

स-४७ रात्री दोन ते पाच जागा असतो.
कुणी ज्ञानकोशात 'विहिर' लिहिलं
की मागोमाग जाऊन वेलांटी दीर्घ करून येतो,
दुसऱ्याच्या मळ्याचं उघडं फाटक
जाता जाता लावून घ्यावं तसं.
तीन वर्षांत चार हजार एकशे सहा बदल
आणि मधेच दोन-दोन महिने काहीच नाही.

विश्रामबागेतल्या खोलीत, पंख्याखाली,
आलेखातल्या त्या खड्ड्यांना मी नावं देत बसले :
थकवा. वाद. विरक्ती.
तिन्हींना परदेशी निबंधांचा आधार होता.
मगदूम सर म्हणाले, छान, आता कोष्टकात घाला.

एकाच जागी तो भांडलाय.
आपल्या गावाच्या पानावर त्यानं लिहिलं होतं :
पानमळ्यांच्या मागं सवतीची विहीर आहे.
पायऱ्या सोळा. सतरावी फक्त उन्हाळ्यात दिसते.
कुणा प्रचालकानं पाटी ठोकली : संदर्भ हवा.
उत्तर चर्चापानावर, पहाटे तीन बारा :
'मी तिथं पोहायला शिकलो.'
आठवड्यानं वाक्य काढलं गेलं.
मीही नोंद केली. संकेतांक सहा,
निराधार दावा, वैयक्तिक.

मग मार्चमध्ये खानावळीत
ताटाखाली अंथरलेला पेपर,
रश्शाचा डाग पडलेली बातमी :
आवर्तन सुटले, तिसऱ्या टप्प्यातले पंप रात्रीपासून सुरू.
त्याच रात्री स-४७ परतला होता.
भाकरी तशीच ठेवून उठले
आणि मागच्या सगळ्या तारखा काढल्या.
खड्डे म्हणजे बंद पंप.
उंचवटे म्हणजे पूर्वेच्या कोरड्या गावांकडं
टप्प्याटप्प्यानं चढणारं पाणी.

समितीला सांगितलेलं नाही, पण मी गेले.
मिरजेहून आरगची एसटी, पुढं कुणाच्या तरी दुचाकीवर.
निवास ऐनापुरे, ऑपरेटर,
कानात कापूस, मोबाइलची काच तडकलेली.
पंपघरात ओरडूनच बोलावं लागतं.
"झोप लागू नये म्हणून वो.
तासाला एकदा रीडिंग लिवायचं,
मधल्या पन्नास मिन्टांत काय करायचं?
पैल्यांदा पत्ते खेळत होतो."
मग जरा थांबून,
"आपलं काम पुढं ढकलायचं.
कुणाच्या रानात गेलं, कोण बघतंय."
पाण्याबद्दलच बोलत असावा.

मला विचारलं, "तुम्ही काय काय दुरुस्त केलंय?"
म्हटलं, संशोधकानं हात लावायचा नसतो,
नुसतं मोजायचं.
तो हसला नाही. रजिस्टर ओढून
वेळ लिहिली, दाब लिहिला, सही केली.
'विद्युत' त्यानं बरोबर लिहिलं होतं.
माझ्या दुसऱ्या प्रकरणात ते तीनदा चुकलंय.

निघताना मी विहिरीचं विचारलं.
म्हटलं, ते वाक्य काढायला नको होतं.
"काढलं तेच बरं झालं की,"
कापूस कानातून काढत तो म्हणाला,
"कालवा झाल्यापासून पाणी मुरतंय.
बारा महिने भरल्याली असती.
सतरावी न्हाई, आता धावीसुद्धा दिसत न्हाई.
खोटंच ठरलं असतं."

मागं पंप चालूच होते.
मी संकेतांक सहा खोडलाय.
त्या चौकटीत काय भरायचं
ते अजून ठरत नाही.
सरांनी समासात पेन्सिलीनं
एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय, बारीक,
पायरीवर कुणी चप्पल काढून ठेवावी तसं.